दोन बँकांच्या मधला रुपया

हैदराबादच्या मासाब टँक भागात कॅसल हिल्सच्या चढावर आयडीआरबीटी ही संस्था आहे. रिझर्व्ह बँकेने ती 1996 मध्ये स्थापन केली. बँकांना लागणाऱ्या तंत्रज्ञानावर संशोधन करणे आणि ते प्रत्यक्ष चालवून दाखवणे हे तिचे काम. 27 ऑगस्ट 2004 रोजी या संस्थेने नॅशनल फायनान्शियल स्विच सुरू केला, तेव्हा त्याला तीनच बँका जोडलेल्या होत्या: कॉर्पोरेशन बँक, बँक ऑफ बडोदा आणि आयसीआयसीआय बँक. एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये चालावे, एवढाच उद्देश. मुंबईत 1997 साली ‘स्वधन’ नावाने असा एक प्रयत्न झाला होता, पण तो 2003 अखेर बंद पडला. हैदराबादचा मात्र टिकला, वाढला आणि देशभर पसरला.

आज यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पण संगणकशास्त्रातला एक फार अवघड प्रश्न त्या निमित्ताने आपल्या गल्लीतल्या एटीएमपर्यंत येऊन पोचला. दोन संगणक, दोन मालक, दोन खातेवह्या आणि मध्ये कधीही तुटू शकणारी तार. अशा स्थितीत एका खात्यातून पैसे वजा होणे आणि दुसरीकडे ते मिळणे या दोन गोष्टी मिळून एकच व्यवहार कसा ठरवायचा? झाले तर दोन्ही, नाहीतर एकही नाही, हे वचन कोणी आणि कशाच्या जोरावर द्यायचे?

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि निजामाच्या काळात 1941 साली स्थापन झालेल्या बँकेची शाखा हीच तिथल्या अनेक गावांची मुख्य बँक होती. पुढे तिचे नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाले. 1 एप्रिल 2017 रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, तरी परभणी-नांदेडकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘हैदराबाद बँक’ अजून येते. नांदेडच्या शाखेत पैसे भरून हैदराबादचा ड्राफ्ट काढला की नांदेडच्या वहीत नोंद आजच पडायची. हैदराबादच्या वहीत ती ड्राफ्ट वटेल तेव्हा. मधले चार दिवस, कधी चार आठवडे, ती रक्कम आंतरशाखा खात्यावर लटकलेली असायची. पैसे कोणाच्या खिशात नाहीत आणि हरवलेलेही नाहीत. या नोंदींचा ताळमेळ लावणे हे भारतीय बँकांचे मोठे दुखणे होते. वर्षानुवर्षे न जुळलेल्या नोंदी निकालात काढा, म्हणून रिझर्व्ह बँकेला बँकांच्या मागे लागावे लागे.

दोन वह्यांमधली ही फट लपवायची नाही, तिला स्वतंत्र खाते देऊन तिचा हिशेब ठेवायचा, ही त्या जुन्या पद्धतीतली शहाणी गोष्ट होती. ती लक्षात ठेवावी, पुढे तिचीच गरज पडते.

आता संगणकाकडे वळू. अमीरपेटला मैत्रीवनमच्या आसपास संगणकाचे क्लास चालवणाऱ्यांची दाटी आहे. लातूर-नांदेडकडची मुलेही तिथे खोल्या करून राहतात. डेटाबेसच्या कुठल्याही वर्गात ‘ॲसिड’ हे चार इंग्रजी अक्षरांचे सूत्र पाठ करून घेतले जाते, कारण मुलाखतीत ते हमखास विचारतात. थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर या दोन जर्मन संशोधकांनी 1983 साली ते सूत्र बांधले. त्यामागची कल्पना मात्र मुख्यतः जिम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाची. व्यवहार अर्धा राहता कामा नये; झाल्यावर खात्यांचे नियम मोडलेले नसावेत; एकाच वेळी चाललेल्या दोन व्यवहारांनी एकमेकांच्या अर्धवट नोंदी पाहू नयेत; आणि एकदा ‘झाला’ म्हटलेला व्यवहार वीज गेली तरी पुसला जाऊ नये. या कामासाठी ग्रे यांना 1998 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. जानेवारी 2007 मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात एकटेच शिडाची होडी घेऊन गेले आणि परतले नाहीत. त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांची छायाचित्रे मागवून इंच न् इंच समुद्र धुंडाळला, पण काही सापडले नाही. आपण दिवसातून अनेकदा ज्याच्या विचारावर विसंबतो, त्या माणसाचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही, याचे वाईट वाटते.

एकाच संगणकावर हे चार नियम पाळणे जमते. युक्ती रोजकीर्दीची आहे. खात्यातली शिल्लक बदलण्याआधी ‘मी काय बदलणार आहे’ हे नोंदवहीत लिहायचे आणि ती नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. मध्येच यंत्र बंद पडले तर सुरू होताना ते नोंदवही वाचते, पुरे झालेले व्यवहार पुन्हा करून घेते आणि अर्धवट राहिलेले उलटे फिरवते. ही उठून उभे राहण्याची पद्धत अगदी काटेकोरपणे बसवण्यात आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले सी. मोहन यांचा मोठा वाटा आहे. आयबीएममध्ये काम करताना त्यांनी सहकाऱ्यांसह 1992 साली प्रसिद्ध केलेली ‘एरिज’ पद्धत नंतरच्या अनेक डेटाबेसांनी स्वीकारली.

खरी अडचण दुसरा संगणक आला की सुरू होते. तिच्यावरचा प्रसिद्ध उपाय दोन टप्प्यांचा आहे, आणि तो समजायला आपल्याकडचे लग्न जमवणे पुरेसे आहे. मध्यस्थ आधी दोन्ही घरांना विचारतो, ‘तयार आहात का?’ दोघांनी होकार दिला की सुपारी फुटते. मग तो दोघांनाही तारीख कळवतो. एकानेही नकार दिला तर दोघांनाही ‘मोडले’ म्हणून सांगतो. यातली नाजूक जागा होकार आणि तारीख यांच्या मधली आहे. एकदा होकार दिला की त्या घराला दुसरे स्थळ पाहता येत नाही आणि आपणहून मोडताही येत नाही. अशा वेळी मध्यस्थच गायब झाला तर ते घर अडकते. समोरच्यांनी होकार दिला की नकार, हेच त्याला माहीत नसते. डेटाबेसमध्येही नेमके हेच होते: ‘तयार’ म्हटलेल्या संगणकाने त्या खात्याला कुलूप लावलेले असते आणि निर्णय येईपर्यंत ते काढण्याचा त्याला अधिकार नसतो.

मग संदेशांची पोच मागत जावी म्हटले तर तोही मार्ग बंद आहे. 1975 सालच्या एका निबंधात हा पेच मांडला गेला आणि तीनच वर्षांनी ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींच्या गोष्टीचे रूप दिले. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय, पण निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकतो. निरोप पोचला याची पोच हवी, ती पोच पोचल्याची पोच हवी, आणि याला शेवट नाही. शेवटचा निरोप पाठवणारा कायम संशयात राहतो. तार बेभरवशाची असेल तर कितीही निरोप पाठवले तरी दोघांना एकाच क्षणी पक्की खात्री होऊ शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. त्यापुढे चांगली तार, महाग यंत्र, हुशार प्रोग्रॅमर यांपैकी कशाचाही उपाय चालत नाही.

आता एटीएमसमोर उभे राहून पाहू. कार्ड ‘अ’ बँकेचे, यंत्र ‘ब’ बँकेचे. तुम्ही 5000 रुपये मागितले. ‘ब’ बँकेचा संगणक ही मागणी स्विचकडे धाडतो, स्विच ती ‘अ’ बँकेकडे. ‘अ’ बँक शिल्लक पाहते, 5000 रुपये खात्याला नावे टाकते आणि ‘द्या’ असे उत्तर पाठवते. उत्तर आल्या वाटेने परत फिरते. मग यंत्र पेटीतून नोटा उचलते, मोजते, तोंडाशी आणते आणि झडप उघडते.

उत्तर वाटेत हरवले तर काय? ‘ब’ बँक ठरावीक सेकंद थांबते. उत्तर नाही आले तर नोटा देत नाही आणि ‘तो व्यवहार उलटा करा’ असा संदेश ‘अ’ बँकेकडे पाठवते. ‘अ’ बँकेची यंत्रणा त्या वेळी बंद असेल तर तो संदेश जपून ठेवून पुन्हा पुन्हा पाठवला जातो. व्यवहाराला मिळालेला 12 अंकी संदर्भ क्रमांक इथे कामाला येतो. तोच उलटा संदेश तीनदा पोचला तरी ‘अ’ बँकेने पैसे एकदाच जमा करायचे, हे त्या क्रमांकामुळे शक्य होते. या पद्धतीत मौनाचा अर्थ ‘झाले नाही’ असा धरलेला आहे. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये मांडलेल्या एका प्रसिद्ध नियमाचा आधार हाच आहे: निर्णयाची नोंद सापडत नसेल तर व्यवहार मोडला असे समजा.

पण उत्तर पोचले, यंत्राने नोटा मोजल्या आणि त्या झडपेपाशी अडकल्या तर? किंवा नेमकी तेव्हाच वीज गेली तर? संगणकातली नोंद उलटी फिरवता येते, हातात गेलेली नोट फिरवता येत नाही. म्हणूनच रोकड देणे ही पायरी अगदी शेवटी ठेवलेली असते. तरीही यंत्राला आपण काय केले हे नेहमी नक्की कळतेच असे नाही. न उचललेल्या नोटा काही वेळाने आत ओढून घेण्याची सोय पूर्वी यंत्रांमध्ये असे. काही भामट्यांनी वरच्या आणि खालच्या नोटा तशाच ठेवून मधल्या अलगद काढायला सुरुवात केली. यंत्र उरलेल्या नोटा आत घेई, ‘नोटा परत आल्या’ म्हणून कळवी आणि पूर्ण रक्कम खात्यात परत जमा होई. अखेर ती सोयच बंद करावी लागली. प्रोग्रॅममधला प्रत्येक संदेश जागच्या जागी होता. नोटांच्या गड्डीबद्दल यंत्राची समजूतच खोटी ठरली होती.

अशा प्रत्येक संशयास्पद व्यवहाराचा निकाल शेवटी माणसे लावतात. एटीएमच्या आतली नोंद, स्विचचा अहवाल आणि बँकेची खतावणी या तिन्ही शेजारी ठेवून ओळीन् ओळ जुळवली जाते, पेटीतली रोकड मोजली जाते. रोकड 5000 ने जादा निघाली की ते कोणाचे, हे त्या 12 अंकी क्रमांकावरून शोधून काढतात. आंतरशाखा खात्याचाच हा नवा अवतार आहे. फरक एवढाच की पूर्वी जे वर्षानुवर्षे चाले ते आता दिवसांत संपवायचे असते.

दोन बँकांमध्ये ते सुपारीवाले दोन टप्पे का वापरत नाहीत, असा प्रश्न पडेल. उत्तर तंत्रात कमी आणि मालकीत जास्त आहे. माझ्या खात्याचे कुलूप दुसऱ्या बँकेच्या हो-नाहीवर अवलंबून ठेवायला माझी बँक राजी होणार नाही, आणि होऊही नये. समोरची यंत्रणा तासभर बंद पडली तर तिच्याशी व्यवहार करणाऱ्या लाखो लोकांची खाती तेवढा वेळ गोठतील. म्हणून 1987 मध्ये हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी ‘सागा’ या नावाने मांडलेल्या विचाराशी जुळणारा मार्ग इथे रूढ झाला: मोठा व्यवहार छोट्या छोट्या पुऱ्या व्यवहारांत तोडायचा, आणि पुढचा एखादा फसला तर मागच्यांची भरपाई करणारे उलटे व्यवहार करायचे. कुलूप कोणालाच लागत नाही. मात्र मधली अर्धवट अवस्था सगळ्यांना दिसते, ग्राहकालाही. ‘पैसे कट झाले पण आले नाहीत’ ही ती अवस्था. तिला बँकेचा निष्काळजीपणा म्हणणे पुष्कळदा चुकीचे असते. लाखोंची खाती गोठू नयेत म्हणून काहींना काही काळ वाट पाहायला लावणारी ही निवड आहे, आणि माझ्या मते ती योग्य आहे.

1 एप्रिल 2009 पासून दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर पैसे काढणे रिझर्व्ह बँकेने निःशुल्क केले आणि हैदराबादच्या स्विचवरचा भार एकदम वाढला. त्याच वर्षी 14 डिसेंबरला तो स्विच मुंबईच्या नव्या संस्थेकडे, एनपीसीआयकडे, सोपवण्यात आला. तोवर त्यावर 37 बँका आल्या होत्या आणि एटीएमची संख्या 50,000 च्या आसपास गेली होती. हीच एनपीसीआय पुढे 2016 मध्ये यूपीआय घेऊन आली.

यूपीआयमध्ये एक गोष्ट चक्क उलटी आहे. नांदेडहून वडिलांनी अमीरपेटच्या वसतिगृहातल्या मुलीला 6000 रुपये पाठवले असे धरू. एनपीसीआय आधी वडिलांच्या बँकेला ‘वजा करा’ सांगते. ‘केले’ असे उत्तर आल्यावरच मुलीच्या बँकेला ‘जमा करा’ सांगते. पहिले उत्तर आले नाही तर व्यवहार फसला असे धरून वडिलांचे पैसे परत फिरवले जातात, कारण मुलीकडे काही गेलेलेच नसते. मुलीच्या बँकेने स्पष्ट नकार दिला तरी तेच. पण मुलीची बँक गप्प राहिली तर? कदाचित तिने पैसे जमा केले असतील आणि फक्त उत्तर हरवले असेल. अशा वेळी वडिलांना पैसे परत दिले तर 6000 चे 12,000 होतील. म्हणून इथे मौनाचा अर्थ ‘झाले’ असा धरतात. या व्यवसायातली माणसे त्याला ‘डीम्ड अप्रूव्हड’ म्हणतात. मुलीच्या बँकेने आपली वही तपासायची. रक्कम जमा नसेल तर ती जमा करायची, ते शक्य नसेल तर परत पाठवायची.

एटीएमवर मौन म्हणजे नकार आणि यूपीआयच्या शेवटच्या पायरीवर मौन म्हणजे होकार. दोन्हींमागचे तत्त्व मात्र एकच आहे. संशय असेल तेव्हा एकाच रुपयाचे दोन होता कामा नयेत. रुपया काही काळ मध्येच राहिला तरी चालेल, कारण मधला रुपया शोधता येतो. चुकून दोनदा दिलेला आणि खर्चूनही टाकलेला रुपया परत मिळवणे फार कठीण.

पण ‘काही काळ’ म्हणजे किती? यावर संगणकशास्त्राकडे उत्तर नाही. सेनापतींचा संशय कधीच फिटत नाही. हे उत्तर कायद्याने द्यावे लागते, आणि ते आपल्याकडे दिले गेले आहे, ही मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. एटीएममधून नोटा न येता खात्यातून रक्कम गेली तर ती 12 कामकाजाच्या दिवसांत परत करा, उशिराचे रोज 100 रुपये द्या, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 2009 मध्ये निघाला. 2011 च्या जुलैपासून 12 चे 7 दिवस झाले. 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाने सगळ्या प्रकारच्या व्यवहारांना एका सूत्रात बांधले. एटीएमसाठी व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवस. यूपीआयने माणसाकडून माणसाला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत तर 1 दिवस. दुकानदाराला दिलेले पैसे त्याच्याकडे पोचल्याची खात्री मिळाली नाही तर 5 दिवस. त्यापुढे रोज 100 रुपये, तेही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. दोन टप्प्यांच्या पद्धतीत अडकलेल्या घराने किती दिवस थांबायचे याला सीमा नाही. इथे ती आहे, आणि ती ओलांडणाऱ्याला दंड आहे. या परिपत्रकाला मी व्यवहाराचा शेवटचा टप्पाच मानतो. तो प्रोग्रॅममध्ये लिहिता आला नाही, म्हणून कायद्यात लिहिला.

सगळे संगणक एकाच मालकाचे असतील तर गोष्ट वेगळी. गूगलने 2012 मध्ये जाहीर केलेल्या ‘स्पॅनर’ या डेटाबेसमध्ये दूर दूरच्या शहरांतली यंत्रे मिळून खरोखरच ‘सगळे किंवा काहीच नाही’ हे पाळतात. मध्यस्थ एकच यंत्र नसतो, त्याच्या निर्णयाच्या प्रती अनेक यंत्रांवर असतात. एक बंद पडले तर दुसरे त्याच्या जागी उभे राहते. घड्याळे जुळवण्यासाठी जीपीएस आणि अणुघड्याळे लावलेली आहेत. याच वाटेने जाणारे कॉक्रोचडीबी, युगाबाइटडीबी असे डेटाबेस आता सर्वांना उपलब्ध आहेत. बँकेच्या चार भिंतींच्या आत त्यांचा उपयोग मोठा आहे. भिंतीबाहेर, दुसऱ्या बँकेच्या दारात, पुन्हा तोच निरोप, तीच पोच आणि तोच ताळमेळ.

तेव्हा तुमचे पैसे असे मध्येच अडकले तर दोन गोष्टी करा. घाईने लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी ॲपमध्ये किंवा पासबुकात त्या व्यवहाराचे काय झाले ते पाहा आणि 12 अंकी संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. आणि मुदत उलटली तर बँकेत जाऊन नुसती आपली रक्कम मागू नका, रोजचे 100 रुपयेही मागा. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि त्याला एक पैसाही शुल्क लागत नाही.